ग्रँड नॅशनल की टर्बो ट्रान्स ॲम?

ब्यूइकची 1987ची ग्रँड नॅशनल आणि पॉन्टिॲकची 1989ची टर्बो ट्रान्स ॲम, या दोन्ही जुन्या अमेरिकी गाड्यांवर जीव जडलाय पण दारात एकीलाच जागा आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी ॲरिझोनात राहतो. दोन्ही वापरल्या, आता एकच ठेवली आहे.

इंजिनाच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी. तोच 3.8 लिटरचा टर्बो व्ही6, इंटरकूलरसकट. कागदावर एकीला 245 अश्वशक्ती, दुसरीला 250. हा दुसरा आकडा हात राखून लिहिलाय असं बरेच जण मानतात, आणि पाय दाबला की मलाही तसंच वाटतं.

ग्रँड नॅशनल त्या वर्षी वीस हजारांवर बनल्या. ट्रान्स ॲमच्या विसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या टर्बो गाड्या मात्र अवघ्या 1,555. गाडी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात तयार व्हायची आणि इंजिनाचं काम तिथल्याच सिटी ऑफ इंडस्ट्री या गावातल्या पीएएस नावाच्या छोट्या कंपनीकडे होतं. बॉनेटखाली जागा अरुंद, म्हणून त्यांनी सिलिंडर हेड्स घेतली ती ब्यूइकच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांची. 1989च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत बॉबी अन्सर यांनी हीच पेस कार म्हणून, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे, चालवली, तीही इंजिनात फेरफार न करता.

आता माझा निर्णय कशावर ठरला ते सांगतो. रंगावर! 1984पासूनची प्रत्येक ग्रँड नॅशनल काळी. दिसते देखणी, यात वादच नाही. पण इथल्या जूनमध्ये दुपारभर बाहेर उभी राहिली की दार उघडायला हातात रुमाल घ्यावा लागतो. पाणी इतकं जड की धुऊन पुसायला घेईपर्यंत बॉनेटवर पांढरे ठिपके वाळलेले असतात. ते घालवायला पॉलिश करावं, तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कापडाच्या गोल रेषा चमकतात. माझे रविवार गाडी चालवण्यापेक्षा पुसण्यात जाऊ लागले. टर्बो ट्रान्स ॲम सगळ्या पांढऱ्या. वादळाची धूळ बसली तरी ती तशीच घेऊन निघता येतं.

घाटरस्त्यावरही मला तीच जास्त भरवशाची वाटली: चारही चाकांना डिस्क ब्रेक, बसायला खाली, वळणात अंग कमी टाकते. अर्थात, स्वतः पाने घेऊन बसणाऱ्याला ग्रँड नॅशनल सोयीची. बॉनेटखाली ऐसपैस जागा आहे आणि सुटे भागही सहज मिळतात. मागच्या सीटवर मोठी माणसं बसणार असतील तरीही तीच बरी. थंड, ढगाळ गावात राहत असाल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित लागूही पडणार नाही.

काळीच घ्यायची ठरली, तर डिकीच्या झाकणाखालच्या स्टिकरवर डब्ल्यूई2 हा ग्रँड नॅशनलचा कोड आहे ना, ते आधी पाहा. ग्रँड नॅशनल ज्या ब्यूइक रीगलवरून बनली, तिची साधी टर्बो आवृत्ती काळी रंगवून ग्रँड नॅशनल म्हणून विकणारे आहेत.