जुन्या मारुती ८०० ची ऑइलगळती : घरी दुरुस्ती करावी की गाडी गॅरेजला द्यावी?

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आजही अनेक घरांच्या दारात रोज सुरू होते. अशा गाडीखाली सकाळी काळा डाग दिसू लागला की मालकापुढे चार वाटा असतात : कमी झालेले ऑइल वरून भरत राहणे, गळती थांबवणारे ॲडिटिव्ह ऑइलमध्ये टाकणे, पॅकिंग (दोन भागांच्या जोडातून ऑइल गळू न देणारी पट्टी) स्वतः बदलणे किंवा गाडी गॅरेजला देणे. यांतली निवड ऑइल किती गळते यापेक्षा कुठून गळते यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मोठा दिसणारा डाग कधी स्वस्तातल्या पॅकिंगचा असतो आणि लहानसा थेंब गिअरबॉक्स उतरवायला लावणारा असतो.

जागा शोधण्याचे काम मात्र कोणतीही वाट निवडली तरी टाळता येत नाही. ऑइल खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरते, म्हणून ओल्या भागातला सर्वांत वरचा आणि पुढचा बिंदू हाच बहुधा उगम असतो. थंड इंजिन ब्रश आणि रॉकेलने किंवा डिझेलने स्वच्छ करावे, पूर्ण कोरडे होऊ द्यावे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडे अंतर गाडी चालवावी आणि मग बॅटरीच्या उजेडात पाहावे. पावडर जिथे प्रथम ओली होते तिथे गळती आहे. पावसाळ्यात डाग पाण्याबरोबर वाहून जातात, त्यामुळे गाडी आडोशाला लावून रात्री खाली पुठ्ठा अंथरणे बरे.

याच वेळी इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढून पाहावे. तिथून धूर जोरात फुफाटत असेल, तर ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी) नळी तुंबलेली असू शकते किंवा पिस्टन रिंगा झिजलेल्या असू शकतात. आत दाब साठत असेल तर नवे पॅकिंगही फार काळ टिकत नाही, आणि अशा इंजिनावर पॅकिंगचा खर्च करण्याआधी ब्रीदर साफ करणे हेच पहिले काम आहे.

ऑइल भरत राहणे ही वाट हळूहळू पाझरणाऱ्या गळतीला चालते, पण दोन ठिकाणी ती धोक्याची आहे. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडत असेल, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर जळका वास केबिनमध्ये येत असेल, तर आगीचा धोका असतो. ऑइल टायमिंग बेल्टवर (इंजिनातल्या झडपांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) जात असेल तर बेल्ट लवकर खराब होतो. या दोन्ही परिस्थितींत वाट पाहू नये.

ॲडिटिव्ह फिरत्या दांड्याभोवतीचे रबराचे सील मऊ करून किंचित फुगवते. त्यामुळे कडक झालेल्या ऑइल सीलला ते काही काळ उपयोगी पडते, पण आकसलेल्या कॉर्क पॅकिंगवर किंवा वाकलेल्या झाकणावर त्याचा काही उपयोग होत नाही. मात्रा वाढवली तर सील गरजेपेक्षा मऊ होते.

घरी करण्याजोगे काम म्हणजे टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, पॅकिंग. ते वरून हाताला येते, गाडी उचलावी लागत नाही आणि साध्या पान्यांत काम होते. जुने पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, तुकडे इंजिनात पडू देऊ नयेत आणि दोन्ही कडा थिनरच्या फडक्याने कोरड्या कराव्यात. इथे सगळी काळजी घट्ट करण्यात आहे : गळती थांबेल या आशेने पाना जोरात फिरवला की पत्र्याचे कव्हर वाकते आणि पॅकिंग चिरते. सिलिकॉनचा थर जाड लावण्याची सवयही सोडावी, कारण आत दाबला गेलेला सिलिकॉन सुटून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात) पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

ऑइल प्रेशर स्विचही, म्हणजे ऑइलचा दाब कमी झाल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लावणारा स्विचही, घरी बदलता येतो. एका वायरच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळते. त्यावर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली तर दिवा पेटतच नाही आणि ऑइलचा दाब गेल्याचे कळत नाही. बसवल्यावर चावी फिरवून, इंजिन सुरू करण्याआधी दिवा लागतो का हे पाहावे.

चेंबर पॅकिंग घरी बदलण्याची शिफारस मी जपूनच करीन. काम अवघड नसले तरी गाडीखाली जावे लागते, आणि फक्त जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये. जॅक स्टँड नसतील तर हे काम गॅरेजचेच. शिवाय चेंबरच्या कडेवरील बोल्टची भोके दाबली गेलेली असतात, ती लाकडी ठोकळ्यावर ठोकून सपाट केल्याशिवाय नवे पॅकिंग बसत नाही. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, ते डब्यात भरून ते घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या सीलसाठी टायमिंग बेल्ट काढून खुणा पुन्हा जुळवाव्या लागतात, म्हणून ते जाणत्या मेकॅनिकला द्यावे आणि त्याच वेळी कॅमचे सील आणि बेल्टही बदलून घ्यावा. क्रँकच्या दुसऱ्या टोकाचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या (गिअरबॉक्सकडच्या जड चाकाच्या) बाजूचे सील बदलायला गिअरबॉक्स उतरतो. सील स्वस्त, मजुरी महाग. म्हणून क्लच नीट असेल आणि पुठ्ठ्यावर रात्रीतून थेंब-दोन थेंबच पडत असतील, तर इथे ॲडिटिव्ह आणि नियमित डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहणे हा शहाणा पर्याय ठरतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असे चढावर होऊ लागले, तर क्लच प्लेटला ऑइल लागले असण्याची शक्यता असते. मग सील आणि क्लच प्लेट एकाच मजुरीत बदलून घ्यावी.