महालातले जुने पुस्तकघर: भाव विचारण्याआधी चित्रे मोजून देणारे दुकान

नागपुरात महाल या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत जुन्या पुस्तकांचे एक लहानसे दुकान आहे. दुकानावर पाटी नाही, आणि आत एका वेळी दोनच माणसे उभी राहू शकतात. पक्ष्यांवरील जुने सचित्र ग्रंथ जमवणाऱ्याने मात्र तेथे एकदा तरी जाऊन यावे, असे मी तीन वर्षांच्या अनुभवावरून लिहीत आहे.

या छंदातले सर्वांत मोठे दुःख वाळवी किंवा कसर हे नाही, तर ब्लेड आहे. जुन्या पक्षिग्रंथातील रंगीत चित्रे सुटी करून चौकटीत बसवली की ती हातोहात खपतात. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेला ग्रंथ एखाद्या दुपारी फोडला जातो आणि उरलेला मजकूर रद्दीत जातो. दुसऱ्या शहरातील एका विक्रेत्याकडून मी टपालाने मागवलेल्या ग्रंथात सात चित्रे शिवणीलगत कापलेली निघाली होती, आणि पैसे परत मिळाले नाहीत.

त्यामुळे स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरील १९०८ सालचा ग्रंथ या दुकानात समोर आला तेव्हा मी बिचकतच हात लावला. दुकानदारांनी भाव सांगितलाच नाही. "सर, आधी चित्रं मोजून घ्या, मग भावाचं बोलू," असे म्हणून त्यांनी टेबलावर धुतलेले पांढरे कापड अंथरले. या ग्रंथात ग्रोनवोल्ड, लॉज आणि क्युलेमान्स या चित्रकारांची ३० रंगीत चित्रे आहेत. आम्ही ती ग्रंथातल्या चित्रांच्या यादीशी ताडून एकेक करून मोजली. मी सर्वांत आधी शोधले ते गुलाबी डोक्याच्या बदकाचे चित्र, कारण चोरीला जायचे तर तेच आधी जाते. १९४९ नंतर हा पक्षी कोणालाही खात्रीने दिसलेला नाही. चित्र जागेवर होते. तपकिरी अंगावरची ती गुलाबी मान आणि डोके अजून ताजे होते, फक्त कडेला मोहरीएवढे दोन डाग पडले होते. एक चित्र शिवणीतून सुटले होते, तेही त्यांनी स्वतःहून दाखवले आणि त्यापोटी किंमत कमी केली.

छपाई कशी ओळखायची, हेही मी तेथेच नीट शिकलो. या ग्रंथातील चित्रे रंगीत शिळाछापाची आहेत, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरलेला आहे. भिंगाखाली रंगाचे कण ओबडधोबड आणि एकमेकांवर चढलेले दिसतात. अलीकडच्या पुनर्मुद्रणात मात्र ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. पक्षिशास्त्रज्ञ जेर्डन यांनी १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून काढलेल्या ५० चित्रांच्या ग्रंथासारख्या हाताने रंगवलेल्या कामात ब्रशचा रंग कुठे कुठे रेषेबाहेर गेलेला असतो, आणि तीच त्याची खूण. तो ग्रंथ विकत घेण्याची माझी ऐपत नाही.

सुटलेले चित्र त्यांनी गव्हाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरून बसवून दिले. सेलोटेप त्यांच्या दुकानात सापडणार नाही, आणि कडा सुबक दिसाव्यात म्हणून पाने छाटून घ्यायलाही ते साफ नकार देतात. पैसे घेण्याआधी त्यांनी विचारले की घरचे कपाट कूलरच्या झोतात तर नाही ना. होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरचा ओलावा रात्रभर पुस्तकांवर बसतो आणि बुरशी धरते, ही गोष्ट इतकी वर्षे माझ्या ध्यानात आली नव्हती. त्याच संध्याकाळी मी कपाट आतल्या खोलीत हलवले.

गैरसोयी आहेत. मालाची यादी नाही, दुकान संध्याकाळीच उघडते, घासाघीस चालत नाही, आणि उजेड इतका कमी आहे की स्वतःची विजेरी न्यावी. मी दिलेली किंमत माझ्या दीड महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. अखंड ग्रंथासाठी ती मला रास्त वाटते.

सध्या ह्यूम आणि मार्शल यांच्या शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांवरील १८७९ ते १८८१ च्या तीन खंडांपैकी पहिला आणि तिसरा त्यांच्याकडे आहे. मी दोन्ही मागितले, पण दुसरा मिळेपर्यंत संच फोडायचा नाही म्हणून त्यांनी मलाही दिले नाहीत.