वेगवान रिसीव्हर की काटेकोर रूट धावणारा? फँटसी लीगसाठी एक तुलना

अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बांधतो आणि त्यांच्या सामन्यांतील कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या ड्राफ्टच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मोठी नावे उचलली जातात आणि मग बहुतेकांसमोर एकच पेच उरतो: वाऱ्यासारखा पळणारा वाइड रिसीव्हर (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) घ्यावा, की वेगाने बेताचा पण रूट (ठरलेला धावमार्ग) काटेकोरपणे धावणारा घ्यावा. उंची, वजन, हातांचा आकार ही माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती येथे देत नाही. आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये मी दोन्ही प्रकारचे खेळाडू काही हंगाम सांभाळले आहेत आणि पुढील मत त्या अनुभवावर बेतलेले आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

वेगाची बाजू आधी मांडतो, कारण ती मुळीच लंगडी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकलेला बॉब हेज पुढच्याच वर्षी डॅलस काउबॉइजकडून खेळू लागला, तेव्हा एकट्या बचावपटूने त्याला अडवणे जमेना, आणि झोन बचावाचा (म्हणजे खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग सांभाळण्याचा) वापर वाढण्यामागे त्याचा मोठा वाटा मानला जातो. आजही असा खेळाडू कडेला उभा राहिला की सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) मागे सरकतो आणि त्याच्याकडे चेंडू न येताही मधले मैदान मोकळे होते. प्रशिक्षकाला यासाठीच तो हवा असतो. अडचण एवढीच, की त्या मोकळ्या जागेत चेंडू झेलतो तो टाइट एंड (मधल्या भागात झेलणारा धिप्पाड खेळाडू), आणि गुण मिळतात ते तो टाइट एंड ज्याच्या फँटसी संघात असेल त्याला.

प्रत्येक झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये साधा हिशेब करून पाहावा. साठ यार्डांचा एक टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणे) म्हणजे १३ गुण: झेलाचा १, दर दहा यार्डांना एक याप्रमाणे ६ आणि टचडाउनचे ६. सात झेल आणि ७० यार्ड म्हणजे टचडाउनशिवायही १४. पहिली गोष्ट आठवडाभर चर्चेत राहते, दुसरी कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु दुसरी पुढच्या रविवारी पुन्हा घडण्याची शक्यता मला नेहमीच अधिक वाटत आली आहे.

एनएफएल या व्यावसायिक लीगचे खरे संघ नवे खेळाडू निवडतात, त्या २०१७ च्या ड्राफ्टमध्ये या दोन प्रकारांची जोडीच पाहायला मिळते. जॉन रॉसने कॉम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्ड ४.२२ सेकंदांत कापले आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच वर्षी कूपर कपने त्याच अंतराला ४.६२ सेकंद लावले आणि तो ६९ व्या क्रमांकापर्यंत थांबून रॅम्सकडे गेला. रॉसला पहिल्या हंगामात एकही झेल घेता आला नाही, आणि पूर्ण कारकिर्दीत त्याचे ६२ झेल झाले. कपने एकट्या २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. रॉसला दुखापतींनी छळले, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे, आणि दुखापती पुढे कपलाही चुकल्या नाहीत. तरीही मला हा फरक केवळ नशिबाचा वाटत नाही.

काटेकोरपणा म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर खेळी सुरू झाल्यानंतरचे पहिले दीड सेकंद पाहावेत आणि तेही फक्त रिसीव्हरच्या पायांकडे. डेव्हांटे ॲडम्सची ४० यार्डांची वेळ ४.५६ सेकंद, म्हणजे या पातळीवर सामान्यच. पण ग्रीन बे पॅकर्सकडून खेळताना तो रेषेवरून लगेच धावत सुटत नसे. जागच्या जागी पाय उचलत, खांदा एका बाजूला झुकवत तो समोरच्या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) आधी निर्णय घ्यायला लावी. मुरलेला चढाईपटू कबड्डीत जे करतो, तेच हे. कॉर्नरबॅकची कंबर एकदा चुकीच्या बाजूला वळली की ती परत फिरेपर्यंत ॲडम्स दुसऱ्या बाजूने मोकळा झालेला असे. २०२० मध्ये त्याने १८ टचडाउन झेलले. हे कसब वयाबरोबर फारसे उतरतही नाही: जेरी राइसने चाळिशी गाठली त्या २००२ च्या हंगामात रेडर्सकडून ९२ झेल घेतले.

आता माझा कौल ज्या एका वैतागाने ठरला, त्याविषयी. माझ्याकडे एक अतिवेगवान रिसीव्हर होता. नाव घेत नाही, कारण त्याचा काही दोष नव्हता. चेंडू लांब टाकला जाई, तो कॉर्नरबॅकच्या दोन पावले पुढे असे, आणि मागे पडलेला कॉर्नरबॅक सरळ त्याचा दंड धरून ओढी. पिवळा फ्लॅग पडे, पास इंटरफिअरन्स (झेलणाऱ्याला बेकायदा अडवणे) ठरे, आणि व्यावसायिक नियमांप्रमाणे चेंडू गुन्हा घडला त्या जागी ठेवला जाई. त्याच्या संघाला ४० यार्ड मिळत. त्याच्या नावावर झेल नाही, यार्ड नाहीत, आणि माझ्या खात्यात शून्य. एकदा हा गुन्हा एंड झोनमध्ये घडला, चेंडू एक यार्डाच्या रेषेवर आला आणि पुढच्याच खेळीत रनिंग बॅकने (चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूने) तो आत नेला. तो रनिंग बॅक अर्थातच त्या आठवड्याच्या माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या संघात होता.

हा प्रकार योगायोगाचा नाही. खोलवर हरलेल्या बचावपटूला टचडाउनपेक्षा फ्लॅग स्वस्त पडतो, म्हणून तो धरतो. रिसीव्हर जितका वेगवान, तितका तो असा धरला जाण्याचा संभव अधिक. आठ यार्डांवर थांबून वळणाऱ्या रिसीव्हरला धरले तरी नुकसान थोडे होते, आणि पुढच्याच खेळीत चेंडू पुन्हा त्याच्याकडे येऊ शकतो.

टायरीक हिलचे उदाहरण माझ्या विरोधात दिले जाईल, आणि ते रास्त आहे. डॉल्फिन्सकडून २०२२ आणि २०२३ या दोन्ही हंगामांत त्याने प्रत्येकी ११९ झेल घेतले. पण केवळ लांब पळून कोणी ११९ झेल घेत नाही. तो पूर्ण वेगातून अचानक थांबे, आणि मागे हटणारा बचावपटू घसरत राही. असा खेळाडू चौथ्या फेरीपर्यंत शिल्लक राहत नाही, त्यामुळे तुमच्या निवडीत तो येणारच नाही.

म्हणून चौथ्या फेरीत दोन नावांमध्ये अडकला असाल, तर ४० यार्डांची वेळ बाजूला ठेवून तिसऱ्या डाउनवर (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यात) त्या-त्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) कोणाकडे पाहतो, ते तपासावे असे मी सुचवेन. तुमच्या लीगमध्ये झेलाला गुण नसतील, तर वेगवान रिसीव्हरचे पारडे बरेच वर येते. बेस्ट बॉल प्रकारात दर आठवड्याचे सर्वाधिक गुण आपोआप मोजले जातात आणि शून्याचे आठवडे बाकावरच राहतात. तेथे मीही शेवटच्या फेऱ्यांत एखादा वेगवान रिसीव्हर घेतो.