सेन्सर बदलायच्या नावाखाली झालेली फसवणूक: पेट्रोल गाडीवाल्यांनी जरूर वाचावं

'चेक इंजिन'चा दिवा लागला म्हणून मी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. तिथे तीन सेन्सर बदलल्याचं सांगून माझ्याकडून १५,२०० रुपये घेतले. प्रत्यक्षात एकच बदलला, तोही नकली. गाडीसोबत कंपनीतून आलेला मूळ सेन्सर परत दिला नाही, आणि दिवा ज्या बिघाडामुळे लागला होता त्याला हातही लावला नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण हे ज्या पद्धतीनं केलं ती पद्धत सगळ्यांना माहीत व्हायला हवी, म्हणून तपशिलात लिहिते आहे.

गाडी २०१७ची, बीएस-४, पेट्रोल. शहरात सोळाच्या आसपास मिळणारं ॲव्हरेज बारावर आलं होतं. सकाळी गार इंजिन चालू केलं की बॉनेटमधून टिक-टिक-टिक असा बारीक आवाज यायचा आणि गाडी तापली की आपोआप थांबायचा. हा आवाज मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता. त्यानं तो ऐकूनसुद्धा घेतला नाही.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला त्यानं स्कॅनर लावला आणि मिनिटभरात निकाल दिला, "मॅडम, ओटू सेन्सर गेलाय. पुढचा गेला की मागचाही जातो, जोडीनंच टाकावे लागतात. मॅप सेन्सरपण वीक दाखवतोय. तिन्ही टाकून घ्या, परत बघायला नको." ओटू म्हणजे ऑक्सिजन. हे सेन्सर धुराच्या पाइपवर असतात, पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधी आणि मागचा त्याच्या नंतर, आणि धुरात किती ऑक्सिजन आहे ते कळवतात. मॅप सेन्सर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो. स्कॅनरची स्क्रीन त्याच्याकडेच वळवलेली होती. मी दाखवायला लावली आणि फोटो काढून ठेवला. स्क्रीनवर एकच कोड होता, पी०१७१. पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या फोटोचा.

पी०१७१ म्हणजे मिश्रण 'लीन' आहे, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त आहे. सेन्सर खराब आहे असं हा कोड सांगत नाही. ओटू सेन्सरच्या सर्किटमधला दोष दाखवणारे कोड वेगळे असतात, पी०१३० पासून पुढचे. त्या सेन्सरच्या आतल्या हीटरचा पी०१३५. मॅप सेन्सरचे पी०१०५ पासून पुढे. त्यातला एकही माझ्या गाडीत नव्हता. म्हणजे सेन्सरबद्दल गाडीची काहीच तक्रार नव्हती. सेन्सर आपलं काम करत होता आणि धुरात ऑक्सिजन जास्त आहे हे इमानानं कळवत होता. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर बदलण्यातला हा प्रकार आहे. कोडमध्ये ज्याचा उल्लेख आहे तो भाग आणि प्रत्यक्ष बिघडलेला भाग यांतलं अंतर गिऱ्हाइकाला माहीत नसतं. सगळी फसवणूक तिथेच होते.

संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता. बिल असं: पुढचा ओटू सेन्सर ५,८००, मागचा ५,२००, मॅप सेन्सर २,४००, स्कॅनिंग आणि लेबर १,८००. "नाना पेठेतून ओरिजिनल मागवलेत" (नाना पेठ म्हणजे पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार) असं सांगितलं आणि काढलेला जुना सेन्सर म्हणून एक काळवंडलेला तुकडा पिशवीत घालून दिला. मी जीएसटीचं पक्कं बिल मागितलं, तर त्यावर त्याची बरीच कुरकुर झाली. शेवटी गॅरेजच्या शिक्क्याचं, भागांची नावं वेगवेगळी लिहिलेलं बिल घेऊनच मी निघाले.

विझलेल्या दिव्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. स्कॅनरवर एक बटण दाबलं की कोड पुसला जातो आणि दिवा लगेच विझतो. बिघाड तसाच असला तरी विझतो. पेट्रोल किती सोडायचं याचा, इतक्या दिवसांत गाडीच्या कॉम्प्युटरनं शिकून ठेवलेला हिशेबही त्याबरोबर शून्यावर येतो. मग तो पुन्हा पेट्रोल वाढवत वाढवत मर्यादेपर्यंत पोचतो, तोच दोष लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये दिसला की दिवा परत लागतो. तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन घरी गेलेलं असतं, आणि दिवा परत लागला तर "आता दुसरं काहीतरी निघालंय" म्हणायला वाव राहतो. गाडी दुरुस्त करून दिली की नुसता दिवा विझवून दिला, हे ओळखायची सोय मात्र गाडीतच आहे. कोड पुसला की 'रेडिनेस मॉनिटर' नावाच्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवू लागतात. साधं ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतं, फोनवरच्या ॲपला जोडता येतं, आणि हे सगळं त्यात दिसतं.

माझ्या गाडीचा दिवा काही आठवड्यांनी परत लागला. ॲव्हरेज सुधारलं नव्हतंच, आता एक्झॉस्टमधून पेट्रोलचा वासही यायला लागला होता. गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं की आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असणार, चाळीस हजारांची तयारी ठेवा. त्याच सुमारास मला गावी कराडला जायचं होतं. तिथे एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आमच्या वडिलांच्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या. गाडी त्यांच्याकडे नेली.

चाचांनी आधी स्कॅनर लावलाच नाही. गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवून घेतली. सकाळी मला शेजारी उभं करून गार इंजिन चालू केलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या भागाच्या) बाजूला कान दिला आणि म्हणाले, "ताई, हितं पॅकिन फुटलंय. आवाज येतोय नव्हं? हीच टिकटिक." एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याच्या खालचा पाइप यांच्यामधलं गॅस्केट एका कडेला जळून फुटलं होतं. त्या जागी काजळीचा काळा पट्टा उमटला होता, तो त्यांनी बॅटरी मारून दाखवला. धूर ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या आधी असल्यामुळे सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडण्याचं कारण हे. धातू तापून फुगला की फट दबते, म्हणून आवाज थांबतो.

नवं गॅस्केट आणि मजुरी मिळून खर्च हजाराच्या आत आला. तीन सेन्सरच्या बिलासमोर हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे.

मग चाचांनी स्कॅनर लावला. पी०१७१ होताच, सोबत नवा पी०१३५ आला होता. म्हणजे 'नव्या' सेन्सरचा हीटर बंद. ओटू सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून आत हीटरची कॉइल असते. चाचांनी २२ चा पाना लावून सेन्सर काढला आणि हीटरच्या, एकाच रंगाच्या, दोन तारांना मल्टिमीटर लावला. चांगल्या सेन्सरमध्ये तिथे काही ओहम दिसतात. इथे काहीच दिसेना, कॉइल आतून तुटलेली होती. हा सेन्सर महिनोन्‌महिने नाही, काही आठवडेच चालला होता.

सेन्सरच्या षटकोनी भागावर एका नामांकित कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर होता. चाचांनी पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं त्यावर फिरवलं आणि नंबर फडक्यावर आला. तिथे अक्षरं लेझरनं कोरलेली असतात, शाईनं छापलेली नसतात. आटे लाल सिलिकॉन पेस्टनं माखलेले होते. या जागी सिलिकॉन चालतच नाही. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि खरा सेन्सरसुद्धा त्यानं मरतो. आट्यांना लावायचं ते अँटी-सीझ ग्रीस, तेही टोकाला लागू न देता. चांगल्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक वेळा ते कारखान्यातूनच लावलेलं येतं.

त्यानंतर मागचा सेन्सर. त्याच्या आट्यांवरचा गंज अखंड होता, पाना लागल्याची खूण कुठेच नव्हती, फक्त वरचा भाग तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केला होता. आणि मॅप सेन्सर. तो ज्या स्क्रूनं बसवलेला असतो त्यावर कारखान्यातली रंगाची रेघ होती, स्क्रूच्या डोक्यावरून सरळ खालच्या प्लास्टिकवर गेलेली. स्क्रू एकदा जरी फिरवला असता तरी ती रेघ तुटली असती. "ह्यो इस्क्रू कुणी खोललाच न्हाई, ताई," चाचा म्हणाले. त्या सेन्सरचे २,४०० रुपये मी दिले होते. रेघेचा फोटो जवळून, अंगठ्याएवढा दिसेल असा काढून ठेवला. आयोगाकडे दिलेल्या कागदांत तो आहे.

शेवटी मी पिशवीतला 'जुना' सेन्सर काढला. चाचांनी त्याचा कपलर, म्हणजे तारेच्या टोकाचा प्लग, गाडीच्या कपलरला लावून बघितला, तो बसेना. खाचाच वेगळ्या होत्या. तो सेन्सर कुठल्या दुसऱ्याच गाडीचा होता. माझ्या गाडीचा मूळ सेन्सर कुठे गेला हे गॅरेजवाला आजपर्यंत सांगू शकलेला नाही. तो आणखी कुणाच्या गाडीत 'नवा' म्हणून बसला असेल, ही शक्यता मला फार अस्वस्थ करते, कारण मग फसलेली मी एकटी नाही.

पुण्यात परत आल्यावर नाना पेठेत स्वतः गेले. तिथल्या सगळ्या दुकानांना नावं ठेवणं अन्यायाचं होईल. अधिकृत वितरकाच्या काउंटरवरच्या माणसानं माझ्या गाडीचा चासिस नंबर घेऊन पार्ट नंबर काढला, खोका समोर उघडला आणि खरा आणि नकली माल कसा ओळखायचा ते स्वतःहून सांगितलं. पुढच्या ओटू सेन्सरची छापील किंमत ४,३५० रुपये होती. म्हणजे नकली मालाला मी खऱ्यापेक्षा जास्त पैसे दिले होते. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर, आणि माल बाहेरच्या देशातला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, एवढं असायलाच लागतं. २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत ते बंधनकारक आहे. गॅरेजकडे मी खोका मागितला तेव्हा "खोके आम्ही फेकून देतो" असं उत्तर आलं होतं. कुणी तुम्हाला असं उत्तर दिलं तर पैसे देऊ नका.

नवा सेन्सर बसवून गाडी तापल्यावर लाइव्ह डेटा बघितला. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये झपाझप वरखाली होत होतं, साध्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये ते तसंच व्हायला हवं. मागच्याचं जवळपास स्थिर होतं. याचा अर्थ कन्व्हर्टर शाबूत आहे. ज्या चाळीस हजारांची तयारी ठेवायला सांगितलं होतं त्याची गरजच नव्हती. पेट्रोल जास्त जात असताना गाडी तशीच चालवत राहिले असते तर मात्र न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं असतं आणि तो खरोखर खराब झाला असता. खोट्या दुरुस्तीचं हे नुकसान बिलात दिसत नाही.

पैशांचं सांगायचं तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर गॅरेजवाल्यानं मॅप सेन्सरचे पैसे परत करायची तयारी दाखवली, पण 'चुकून बिलात आलं' असं लिहून द्यायची अट घातली. मी नकार दिला. मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सोबत पक्कं बिल, पी०१७१ चा फोटो, स्क्रूवरच्या रेघेचा फोटो, काढलेला नकली सेन्सर, न जुळणाऱ्या कपलरचा व्हिडिओ आणि चाचांनी लिहून दिलेला कागद जोडला. चाचांनी तो सही करून दिला आणि बोलावलं तर यायची तयारीही दाखवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तुमच्या गाडीचे सेन्सर अलीकडे कुणी बदलले असतील तर बॉनेट उघडून मॅप सेन्सरच्या स्क्रूवरची रंगाची रेघ बघा, सगळ्या गाड्यांना ती नसते, पण असेल तर ती अख्खी आहे की तुटलेली ते लगेच कळतं. जुना सेन्सर दिला असेल तर त्याचा कपलर गाडीच्या कपलरला लावून बघा. आणि दिवा आता लागला असेल, तर गॅरेजमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या सांगा की कोड माझ्यासमोर वाचायचा, बिलावर लिहायचा आणि मला विचारल्याशिवाय पुसायचा नाही. पी०१७१ ला सेन्सर बदला म्हणाले तर एक्झॉस्टची आणि इनटेकची (हवा आत जाण्याच्या मार्गाची) गळती तपासली का, एवढंच विचारा. तपासली नसेल तर गाडी तशीच बाहेर काढा.