जुन्या फर्निचरवर चॉक पेंट: डब्यावरचं आश्वासन किती खरं?

जुन्या वस्तूंच्या दुकानातून स्वस्तात टेबल, खुर्ची, खणांचं कपाट आणायचं, त्यावर चॉक पेंटचे दोन हात द्यायचे आणि घराचा एक कोपरा उजळायचा. हा मार्ग लोकांना आवडला, कारण तो सोपा दिसतो. ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये ब्रिटनमध्ये हा रंग आणला. आज त्याच धर्तीचे रंग कितीतरी कंपन्या विकतात आणि बहुतेक डब्यांवर एकच आश्वासन असतं: घासायला नको, प्रायमर नको, सरळ रंगवा. हे परीक्षण मुख्यतः त्या आश्वासनाचं आहे, कारण जुनी वस्तू घेऊन वाचवलेले पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

निकाल आधीच सांगतो. रंग चांगला आहे, आश्वासन अर्धं खरं आहे. घासणं काही लाकडांवर खरोखर टाळता येतं. धुणं कशावरच टाळता येत नाही. आणि काही लाकडांवर चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, हात दिल्याशिवाय हा रंग लावणं म्हणजे डाग वर यायची वाट बघणं.

साध्या भिंतीच्या रंगापेक्षा यात खडूसारखी बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट किंवा तत्सम भर, जास्त असते आणि चिकटवणारं द्रव्य त्या मानाने कमी. म्हणूनच तो दाट असतो, अजिबात चमकत नाही, पहिल्याच हातात खालचं बरंच झाकतो आणि सुकल्यावर सहज घासला जातो. चमक नसल्यामुळे जुन्या लाकडावरचे बारीक खळगे आणि ओरखडे डोळ्यांत भरत नाहीत. जुन्या फर्निचरसाठी हा फार मोठा गुण आहे. तेलरंगाचा चकचकीत हात देऊन बघा, प्रत्येक खळगा ओरडून सांगतो. मात्र त्याच रचनेमुळे सुकलेला थर सच्छिद्र राहतो. वर मेण किंवा वॉर्निश नसेल तर ओला पेला, तेलकट बोटं, सगळ्याची खूण आत जिरते.

कशावर चिकटतो, कशावर नाही

जुन्या बाजारात साधारण तीन प्रकारचा माल हाती लागतो आणि तिन्हींवर या रंगाचं वागणं वेगळं असतं.

भरीव लाकूड, त्यावर जुनं फ्रेंच पॉलिश किंवा झिजलेलं वॉर्निश: इथे आश्वासन खरं ठरतं. नीट धुतलेल्या पृष्ठभागावर रंग घट्ट बसतो. जुना थर चकचकीत असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवावा, चमक मेली की पुरे. त्याहून बारीक कागद इथे वापरू नये, पृष्ठभाग जास्त गुळगुळीत झाला तर रंगाला पकड मिळत नाही.

व्हीनिअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेलं कपाट: रंग चिकटतो, धोका घासण्यात आहे. आधुनिक व्हीनिअर अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. घासायचं मशीन कडेला दोनदा फिरलं की खालचं प्लाय उघडं पडतं. हातानेच, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. व्हीनिअर कुठे फुगलं असेल तर धारदार पात्याने रेषेला धरून चीर द्या, पातळ केलेला पांढरा गोंद आत सारा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून वजन द्या आणि रात्रभर हलवू नका. प्लॅस्टिक विसरलात तर फळीही तिथेच चिकटेल.

लॅमिनेट किंवा मेलामाइन चढवलेलं पार्टिकल बोर्ड: इथे आश्वासन खोटं ठरतं. रंग लागतो, सुकतो, छान दिसतो आणि महिन्याभरात कडेला नख लागलं की सालीसारखा निघतो. लॅमिनेटला छिद्रंच नसतात, रंग धरणार कशाला? १८० नंबरने घासून, धूळ पुसून, चकचकीत पृष्ठभागासाठी बनवलेला प्रायमर लावला तरच हे काम करावं. आणि बोर्ड खालच्या कडेला पाण्याने फुगलेलं असेल तर ती वस्तू दुकानातच सोडावी. फुगलेला भुसा परत बसत नाही, कोणताही रंग ते लपवत नाही.

शंका असेल तर पूर्ण कपाट रंगवण्याआधी मागच्या बाजूला हातभर जागेत चाचणी करा. दोन हात द्या, दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग पात्याने दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा ओढा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. एखाद-दुसऱ्या चौकोनाचा कोपरा निघाला तर हरकत नाही. चौकोनच्या चौकोन निघाले तर प्रायमरला पर्याय नाही.

धुणं

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात. जुन्या फर्निचरवर वर्षानुवर्षं हातांचा तेलकटपणा, स्वयंपाकघरातली वाफ आणि चकाकीसाठी मारलेल्या फवाऱ्यांतलं सिलिकॉन बसलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही. रंग लावताच तो ठिकठिकाणी मागे सरतो आणि बांगडीएवढे नाही, पण डाळीएवढे गोल खड्डे पडतात. वर पुन्हा रंग लावून ते भरत नाहीत.

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे काही थेंब घालून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण काढा, पूर्ण सुकू द्या. त्यानंतर व्हाइट स्पिरिट (तेलरंग पातळ करायचं पेट्रोलियमचं द्रव्य) लावलेल्या पांढऱ्या फडक्याने मेण आणि तेल काढा. फडकं पिवळं येईनासं होईपर्यंत फडकी बदलत राहा. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा. ती फडकी मोकळ्या हवेत पसरून सुकवा, बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तरीही खड्डे पडले तर थांबा, तो हात सुकू द्या, घासून काढा आणि चपड्याचा एक हात द्या. सिलिकॉन त्याखाली अडकून पडतं.

वस्तूवर आधीच जुना तेलरंग असेल, विशेषतः अनेक थरांचा, तर सुका पॉलिश पेपर लावण्यापूर्वी शिशाची चाचणी करून घ्या. घरगुती रंगांत शिसं वापरण्यावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, इतर अनेक देशांत त्यानंतर. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. चाचणीत शिसं निघालं तर ती वस्तू घासू नका, हे काम जाणत्या माणसाचं आहे.

डाग फुटणं आणि चपडा

पांढरा किंवा फिका रंग लावला, सुंदर दिसला, दुसऱ्या दिवशी पिवळे-तपकिरी किंवा गुलाबी धब्बे वर आले. ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि दोष बहुतेकदा रंगावर येतो. खरं कारण लाकडात असतं. ओक, महोगनी अशा लाकडांत टॅनिन नावाचं डाग पाडणारं द्रव्य असतं, ते पाण्यात विरघळतं. चॉक पेंट पाण्याचा, म्हणून सुकताना तो टॅनिन वर ओढून आणतो. लाकडाला पूर्वी दिलेल्या लालसर रंगछटेचंही हेच होतं. पाइनच्या गाठींतून राळ येते ती वेगळी. तिसरा, चौथा हात देऊन उपयोग नाही, प्रत्येक हातासोबत नवं पाणी जातं आणि नवा डाग येतो.

यावर चपडा हाच उपाय. लाख मेथिलेटेड स्पिरिटमध्ये (वरच्या व्हाइट स्पिरिटमध्ये नव्हे) विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे तिचा थर टॅनिनला खालीच रोखतो. मेण काढलेली लाखच घ्या, मेणाच्या लाखेवर पाण्याचा रंग नीट धरत नाही. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम लाख रात्रभर भिजवून ठेवली, मधूनमधून हलवली आणि कापडातून गाळली की लावण्याजोगी होते. बरणी काचेची हवी. दोन पातळ हात द्या, मध्ये पाऊण तास. गाठींवर तिसरा. स्पिरिट लवकर पेटतं, त्यामुळे जवळपास दिवा, शेगडी, सिगारेट काही नको. एकदा भिजवलेली लाख सहा महिन्यांत संपवा, जुनी झाली की ती चिकट राहते.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. काही वेळा रंग स्वच्छ राहतो आणि डाग फुटतो तो वरून पाण्याचं वॉर्निश लावल्यावर. त्यामुळे फिका रंग आणि गडद जुनं लाकूड अशी जोडी असेल तर डाग दिसण्याची वाट न बघता आधीच चपडा द्यावा.

खणांना कोंदट वास असेल तर आतूनही हाच चपडा लावावा. ऊन आणि वारा देऊन जो वास गेला नाही, तो याने दबतो.

किती लागतो, कसा लावायचा

चांगला चॉक पेंट लिटरमागे साधारण १३ चौरस मीटर जातो. ९० सेंटीमीटर रुंद, ४५ खोल आणि ८० उंच अशा तीन खणांच्या कपाटाचा वरचा भाग, दोन बाजू आणि दर्शनी भाग मिळून १.८५ चौरस मीटर भरतात. दोन हातांचे ३.७. म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या आतच काम होतं. अर्ध्या लिटरचा डबा घेतला तर एका छोट्या स्टुलाला पुरेल इतका उरतो. लिटरचा डबा एका कपाटासाठी घेणं उधळपट्टी आहे.

हा रंग भराभर सुकतो. म्हणून एका वेळी एकच बाजू घ्या आणि पुसट वाटलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवू नका, अर्धवट सुकलेला रंग ओढला जाऊन गुठळ्या होतात. राहिलेली जागा दुसऱ्या हातात भरते. हवा कोरडी असेल तर रंगात पाच ते दहा टक्के पाणी घाला. दोन हातांत किमान दोन तास जाऊ द्या, मग ३२० नंबर हलका फिरवून धूळ पुसा.

घरी चॉक पेंट बनवायच्या कृतीही फिरतात. मॅट इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या बिनचमकीच्या पाण्याच्या रंगात, प्लास्टर ऑफ पॅरिस घालायची कृती टाळावी. ते पाण्याशी मिळताच घट्ट व्हायला लागतं, अर्ध्या तासात भांड्यात खडे होतात आणि ब्रश वाया जातो. त्याऐवजी कॅल्शियम कार्बोनेटची पूड घ्या, ती गोठत नाही. एक कप इमल्शनला चार मोठे चमचे पूड, आधी दोन चमचे पाण्यात कालवून गुठळ्या मोडून. याहून पूड वाढवली की रंग बोटाला लागतो. पैशांची ओढाताण असेल तर हा रंग पूर्णपणे चालतो. विकतच्या रंगाची मऊ घडण त्याला येत नाही, पण वॉर्निशखाली फरक कळणं कठीण.

मेण की वॉर्निश

या रंगासोबत मेण विकण्याची पद्धत आहे. मेणाचं रूप निर्विवाद सुंदर असतं, हाताला रेशमी लागतं. चौकटी, आरशाची कड, दिव्याचं खोड, भिंतीलगतचं कपाट यांना मेणच द्यावं. पातळ थर फडक्याने चोळायचा, जास्तीचं लगेच पुसायचं, दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने घासून चमक आणायची. जाड लावलं तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. पूर्ण कडक व्हायला तीन आठवडे लागतात.

जेवणाच्या किंवा चहाच्या टेबलावर मात्र मेण देऊ नये. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, वाफाळता कप त्याहून गरम असतो. तिथे पाण्याच्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन पातळ हात हवेत. डबा ढवळा, हलवू नका, हलवला की बुडबुडे जसेच्या तसे टेबलावर उतरतात. मॅट वॉर्निशमधली पूड तळाशी बसते, ती न ढवळल्यास पहिला हात चकचकीत आणि शेवटचा पांढुरका होतो. तेलाचं वॉर्निश फिक्या रंगावर पिवळं पडतं. आणि मेणावर वॉर्निश कधीच धरत नाही, तेव्हा निवड आधी करावी.

खणांच्या बाजू आणि ज्या पट्ट्यांवर ते सरकतात त्या रंगवू नका. दोन्हीकडचा थर मिळून खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासली की पुरे. मुठी बदलायच्या तर जुन्या छिद्रांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून न्या. आज ६४, ९६, १२८ मिलिमीटरच्या मुठी सर्रास मिळतात, जुन्या फर्निचरवर पुष्कळदा तीन इंच म्हणजे ७६ असतं.

कुठे लावूच नये

सागवान, शिसवी, अक्रोड यांचं भरीव काम, ज्यावरचं पॉलिश फक्त मळकट झालं आहे, त्यावर हा रंग लावू नये. न दिसणाऱ्या जागी मेथिलेटेड स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटाभरात चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे, आणि नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते. स्वच्छ पुसून, बोळ्याने दोन-तीन हात दिले की ते लाकूड पुन्हा बोलू लागतं. सच्छिद्र रेषांत शिरलेला चॉक पेंट मात्र नंतर सुईने कोरून काढावा लागतो आणि तरी पूर्ण निघत नाही.

रंगवलेल्या वस्तूवर तीन-चार आठवडे जड फुलदाणी किंवा दिव्याची बैठक ठेवू नका, खालचा थर अजून मऊ असतो आणि तिचा गोल ठसा उमटतो. उमटलाच, तर या रंगाची सगळ्यात उपयोगी बाजू इथे दिसते: वॉर्निश नसून मेण असेल तर ती जागा व्हाइट स्पिरिटने पुसा, ३२० नंबरने घासा, डब्यातला उरलेला रंग बोटभर लावा आणि पुन्हा मेण द्या. जोड दिसत नाही. त्यासाठी उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून ठेवा, मोठ्या डब्यात हवा राहिली की त्यावर साय धरते.