ब्लॅक पावडर की शार्प प्रॅक्टिस: नेपोलियनच्या काळातला वॉरगेम कुठून शिकावा?

वॉरगेम म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून नियमांनी खेळायची लढाई, आणि ही दोन त्याच्या नियमांची पुस्तकं. आधी एवढं ठरवा: टेबलावर तुम्हाला जनरल व्हायचंय की कॅप्टन? फासे, तक्ते, अंतरं हे सगळं नंतर.

‘ब्लॅक पावडर’ (2009, दुसरी आवृत्ती 2018) जनरलांसाठी आहे. इथे हलवायची तुकडी म्हणजे बटालियन, आणि तीन-चार बटालियन मिळून ब्रिगेड. हुकमाची पद्धत पहिल्याच डावात अंगवळणी पडते. ‘ही बटालियन टेकडीवर चढून रांग धरेल’ असं आधी मोठ्याने सांगायचं, मग दोन फासे टाकायचे. बेरीज सेनापतीच्या क्षमतेपेक्षा (सहसा 8) जास्त झाली नाही तर तुकडी हलते. बेरीज जितकी कमी तितकं फावतं, अगदी तीन चालीही मिळतात. जास्त आली, तर तुकडी जागेवरच आणि त्या सेनापतीचे त्या फेरीतले हुकूमही संपले. त्यामुळे सर्वांत निकडीचा हुकूम आधी द्यायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. दोन्ही फाशांवर 6 पडले तर घोटाळा. मग तुकडी भलतीकडेच निघू शकते.

नियम सोपे, वाचायलाही मजेदार, पण खेळ जागा खातो. पायदळाची एक चाल 12 इंच, घोडदळाची 18. घोडदळाला तीन चाली लागल्या तर 54 इंच, म्हणजे चार फूट रुंद टेबल पार करून वर सहा इंच! नियम 12 बाय 6 फुटांचं टेबल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेत. टेबल लहान असेल तर अंतरं सरळ कमी करा. शिवाय एका बाजूला शंभराच्या वर सैनिक रंगवावे लागतात, ते वेगळंच.

‘शार्प प्रॅक्टिस’ची 2016 ची दुसरी आवृत्ती कॅप्टनची. एका बाजूला पन्नास-साठ सैनिक पुरतात. लाइन पायदळाचा (रांगेत लढणाऱ्या नेहमीच्या पायदळाचा) गट आठ जणांचा, आणि प्रत्येक अधिकाऱ्याचा एक पत्ता पत्त्यांच्या कॅटमध्ये असतो. पत्ता निघाला की त्याची पाळी. मधेच ‘टिफिन’ नावाचा पत्ता निघाला तर फेरी संपते. ज्याचा पत्ता आत राहिला त्या अधिकाऱ्याला हुकूम देता येत नाही. फ्रेंच तुकडी समोर आलीय आणि तुमचा कॅप्टन अजून कॅटमध्येच, असं हमखास होतं.

खरी गंमत पुढे आहे. गटाला दोन कृती मिळतात. बंदूक भरायला एक, झाडायला एक. चालही फाशावर ठरते, त्यामुळे भिंतीच्या आडोशापर्यंत पोचू की उघड्यावर अडकू याची खात्री नसते. पहिल्या गोळीबाराला जादा जोर असतो, म्हणून शत्रू जवळ येईपर्यंत दम धरावासा वाटतो. पण तोवर त्याच्या गोळ्यांनी आपल्या गटावर ‘शॉक’ (सैनिकांचं खचलेपण) साचत जातो. अधिकाऱ्याने तो उतरवायचा की गोळीबार करायला सांगायचं? तीन हुकमांचा अधिकारी असला तरी कामं पाच असतात. ब्लॅक पावडरमध्ये असा पेच क्वचितच पडतो.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. अपवाद बरेच, सुरुवातीला पुस्तक सतत उघडावं लागतं. एखादा जाणता खेळाडू सोबत नसेल तर पहिला डाव रडतखडत जातो.

बोरोडिनो किंवा लाइपझिगएवढी लढाई हवी असेल तर या दोन्हींचा नाद सोडा आणि ‘ब्ल्यूशर’ (2015) बघा. तिथे एक तुकडी म्हणजे ब्रिगेड, आणि तुम्हाला किती हालचाली मिळणार त्याचे फासे प्रतिस्पर्धी टाकून झाकून ठेवतो.

रंगवलेले सैनिक आणि मोठं टेबल तयार असेल, किंवा एका बाजूला दोघं-तिघं खेळणार असाल, तर ब्लॅक पावडर. हातात काहीच नसेल तर माझा कौल शार्प प्रॅक्टिसला. सैनिक एकेकट्या तळपाटीवर (बेसवर) चिकटवा आणि गटासाठी ट्रे घ्या. पुढे तेच पन्नास-साठ सैनिक ब्लॅक पावडरच्या दोन बटालियन म्हणून उभे राहतात, काही उखडावं लागत नाही.