सीएनसी राउटरचं स्पीड-फीड : जवळपास वर्षभर वापरल्यावर

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारं कापण्या-कोरण्याचं मशीन, घेऊन वर्ष होत आलं. 6040 साइझचं (600 × 400 मिमी), बॉलस्क्रूवालं, जीआरबीएल कंट्रोलर (मशीनच्या हालचाली चालवणारं सॉफ्टवेअर), आणि स्पिंडलच्या (कापणारं बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) जागी मकिताचा आरटी0700सी ट्रिम राउटर लावलाय. कामं म्हणजे नेमप्लेटा, गणपतीचं मखर, थोडं अ‍ॅक्रिलिक आणि कधीमधी अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेट. मशीनच्या बांधणीबद्दल व्हिडिओ ढीगभर आहेत, मला मात्र जो तो एकच विचारतो, स्पीड (बिट मिनिटाला किती फेरे फिरतं, म्हणजे आरपीएम) किती ठेवतोस आणि फीड (बिट मालात किती वेगाने पुढे सरकतं) किती, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीकडे बिट घ्यायला गेलात आणि सांगितलंत की घरचं छोटं मशीन आहे, तर हमखास सल्ला मिळतो, "धीमे चलावजो भाई." सल्ला प्रेमाचा असतो पण तो लेथ-मिलिंगवाल्यांचा, तिथे आरपीएम शेकड्यात किंवा फार तर दोन-चार हजारात असतात. आपला राउटर सगळ्यात कमीवर ठेवला तरी 10000 फिरतो. त्यात फीड कमी केलं की बिट कापत नाही, नुसतं घासत बसतं. कापताना उष्णता चिपबरोबर (कापून निघणाऱ्या तुकड्याबरोबर) बाहेर पडायला हवी, चिपच नीट निघाली नाही तर ती बिटात आणि लाकडात राहते, मग कडा काळी पडते, धूर येतो आणि बिटाची धार जाते.

हिशोब एवढाच आहे : फीड म्हणजे आरपीएम गुणिले फ्लूट (बिटाच्या कापणाऱ्या धारा) गुणिले चिपलोड (एका धारेमागे निघणाऱ्या चिपची जाडी, मिमीत). मकिताच्या डायलवर 1 म्हणजे 10000, 2 वर 12000, 3 वर 17000, 4 वर 22000 आणि 6 वर 30000. मी एमडीएफला 6 मिमीचं दोन फ्लूटचं बिट डायल 2 वर चालवतो, चिपलोड 0.08 धरला तर 12000 × 2 × 0.08 म्हणजे मिनिटाला 1920 मिमी. खोली एका पासला (एका फेरीत) 3 मिमी, म्हणजे बिटाच्या निम्मी. आता हेच बिट डायल 6 वर फिरवलं तर तेवढीच चिप मिळायला फीड 4800 लागेल, ते या मशीनला झेपणार नाही. म्हणून माझा डायल 3 च्या वर क्वचित जातो. आवाजही कमी राहतो, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर मशीन असलं की हे फार महत्त्वाचं, खाली काका दुपारी झोपतात.

आणि मशीन थरथरायला लागलं, किंचाळायला लागलं, तर बहुतेकांचा हात आधी फीड कमी करायला जातो. जीआरबीएलमध्ये चालू कामात फीड दहा-दहा टक्क्यांनी कमी-जास्त करता येतं त्यामुळे तो मोह होतोच. माझं मत, आधी पासची खोली कमी करा, 3 ची 2 करा, फीड तसंच राहू द्या. वेळ थोडा जास्त जातो पण चिप जाडच राहते आणि बिट टिकतं. तयार चार्टमधले आकडे बहुतेक जड, घट्ट मशीनचे असतात, त्यातला चिपलोड घ्या, खोली घेऊ नका.

बरोबर चाललंय की नाही ते भुसा चिमटीत घेऊन कळतं. रव्यासारखा लागला तर ठीक, मैदा निघत असेल तर फीड वाढवा नाहीतर आरपीएम उतरवा. एमडीएफमध्ये मात्र भुसा बारीकच निघतो, तिथे कडेकडे बघा, आणि मास्क लावल्याशिवाय ते कापूच नका.

आता खरी गंमत नेमप्लेटची. सागवानावर 'श्री' कोरताना सरळ दांडा स्वच्छ येतो आणि वेलांटीच्या वळणावर नेमकं जळतं, प्रोग्राममध्ये फीड 2000 दिलेलं असूनही. कारण दिलेलं फीड आणि प्रत्यक्ष मिळणारं फीड वेगळं. जीआरबीएलमध्ये अ‍ॅक्सिलरेशन (वेग वाढण्याचा दर) मुळात 10 मिमी/सेकंद² असतं, डॉलर 120 आणि 121 या सेटिंगमध्ये, आणि त्या आकड्यावर शून्यापासून 2000 गाठायला साधारण 55 मिमी अंतर लागतं! अक्षरच 25 मिमीचं असेल तर मशीन त्या वेगाला पोचतच नाही. तेच 200 केलं तर तीनेक मिमीत काम होतं. थोडंथोडं वाढवत जा, मोटरच्या स्टेप चुकायला लागल्या, म्हणजे मशीन जागा चुकायला लागलं, की मागे या. त्याउपर बारीक अक्षरांना मी डायल 1 वर आणतो. सागवानात सिलिका असते, बिट लवकर बोथट होतं, त्यामुळे तिथे घासणं अजूनच महागात पडतं.

अ‍ॅक्रिलिक कास्टच (साच्यात ओतून केलेलं) घ्या, एक्स्ट्रूडेड (दाबून काढलेलं) लगेच वितळून बिटाला चिकटतं. 3 मिमीचं सिंगल फ्लूट, डायल 2, फीड 1200 च्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमला हेच बिट डायल 3 वर, चिपलोड 0.03 म्हणजे फीड 510, खोली फक्त 0.2 ते 0.3, वरून केरोसिनचा थेंब आणि ब्रशने चिप सतत बाजूला. प्लंज (बिट मालात उतरवणं) सरळ खाली देऊ नका, रॅम्प द्या, म्हणजे तिरकं उतरवा. 6061 हा मिश्रधातू छान कापतो, भंगारातली मऊ पट्टी चिकट असते, तिच्या नादी लागू नका.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त बिटांचे सेट मात्र निव्वळ पैसे पाण्यात, एकाच सेटमधली दोन बिटं सारखी कापत नाहीत, मग कुठला आकडा खरा मानायचा? दोनच चांगली कार्बाइड बिटं घ्या.

व्हीएफडीवाला (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणारा) स्पिंडल घ्यावा का, हेही विचारतात. आवाज खूप कमी, मोटरचे कार्बन ब्रश बदलायची कटकट नाही, 400 हर्ट्झवर 24000 मिळतात. पण आरपीएम फार खाली आणले की त्याची ताकद पडते, आणि वजन वाढतं म्हणून झेडची (वर-खाली हलवणारी) मोटर आधी तपासा. लाकडाचंच काम जास्त असेल तर मकिता पुरतो, फक्त ब्रशची एक जोडी घरात ठेवा.